ॲव्हरेज गेलं कुठं?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी नवी गाडी घेतली की लोक पेढा खाता खाताच विचारतात, "कितीचं ॲव्हरेज देते जी?" लग्नात विचारतात, तेरवीला विचारतात, बँकेच्या लाइनीत विचारतात. मला हा प्रश्न अगदी योग्य वाटतो. पेट्रोल शंभरच्या वर जाऊन आता काही वर्षं झाली, आणि आमच्या वावरात कापूस वेचायला ज्या बाया येतात त्यांना किलोमागं दहा-बारा रुपये मिळतात, म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळलं की उन्हात वाकून वेचलेल्या आठ-दहा किलो कापसाची मजुरी गेली. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की गाडी उगीच चालू ठेवून गप्पा मारणारा माणूस बघवत नाही.

माझी गाडी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. मी दारव्ह्याला शाळेत शिकवते, गाव तिथून आठ-नऊ किलोमीटर, अहो शेती बघतात, त्यामुळं गाडी जास्त माझ्याच हातात असते. सुरुवातीची काही वर्षं याच रस्त्यावर ती लिटरला १६ किलोमीटरच्या वर द्यायची, कधी साडेसोळा. मग एका हिवाळ्यात ती १३ वर आली, एकदा तर साडेबारा. रस्ता तोच, चालवणारी तीच, आणि पाचवा हिस्सा पेट्रोल वाया जातंय. ते कुठं जातंय हे शोधायचंच असं मी तेव्हा ठरवलं, आणि त्यातून जे कळलं ते इथं लिहून ठेवतेय, कारण आमच्या भागात ही तक्रार घरोघरी आहे आणि बहुतेक लोक पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला शिव्या देऊन गप्प बसतात.

आधी एक गोष्ट. माझी नणंद पुण्यात असते, ती म्हणते की वहिनी, तुमच्या खेड्यात कसलं आलंय सिटी ड्रायव्हिंग. पण इंजिनाच्या दृष्टीनं सिटी म्हणजे काय, तर किती वेळा थांबला, किती वेळा परत उठला, आणि इंजिन तापायच्या आत बंद केलं का. त्या हिशोबानं आमचा रस्ता शहरापेक्षा कमी नाही. प्रत्येक वस्तीपुढं गतिरोधक, काळ्या मातीवरचा रस्ता म्हणजे पावसात माती फुगते उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं होऊन बसतं, त्यामुळं तिसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही, दिवाळीनंतर जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, चाललेले कापसाचे ट्रॅक्टर आणि बैलबंड्या, त्यांच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं, आणि गावात शिरलं की ढोरं, हातगाड्या, ऑटो, शाळेचे पोट्टे. मग शाळा आली, गाडी बंद. सायंकाळी परत तेच. यवतमाळला दत्त चौकातून जायची वेळ आली तरी फार वेगळं काही वाटत नाही.

थांबणं महाग का पडतं याचं गणित मी एकदा आठवीच्या पोरांकडूनच करून घेतलं होतं. एक टन वजनाची गाडी ५० च्या स्पीडला असली की तिच्यात साधारण ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, ब्रेक दाबला की ती सगळी डिस्कवर उष्णता होऊन उडून जाते. परत ५० ला न्यायला ती पेट्रोलमधून काढावी लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण गर्दीच्या रस्त्यावर इंजिन त्यातला पाचवा, फार तर चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे एका थांबण्यामागं १२ ते १५ मिली पेट्रोल. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचं झाकण असतं ना, तेवढं. तेच ४० वरून थांबलं तर खर्च जवळजवळ दोन तृतीयांशच, कारण वेगाचा वर्ग येतो. पोरं हे ऐकून चकित झाली होती, आणि खरं सांगायचं तर वेगाचा वर्ग म्हणजे काय हे त्या दिवशी त्यांना जितकं कळलं तितकं पुस्तकातून कधी कळलं नसतं.

आता मोजण्याबद्दल. डॅशबोर्डवरचा आकडा आमच्या गाडीत तरी खऱ्यापेक्षा एखाद किलोमीटरनं जास्तच दाखवतो, त्यावर विसंबू नये. टाकी फुल करायची, पंपाचा ऑटो कट पडला की थांबायचं, "मॅडम, राउंड फिगर करू का" म्हटलं की नाही म्हणायचं, ट्रिप शून्य करायची आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर त्याच मशीनवर परत ऑटो कटपर्यंत भरायचं. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवरून निकाल देऊ नये, दोन-तीन टाक्यांचा मिळून बघावा. आणि कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करूच नये. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा म्हणून जो आकडा सांगतात तो प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाच्या आलेखानं काढलेला असतो, जास्तीत जास्त ९० पर्यंत. तिथं ना बैलबंडी असते ना मे महिना. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक आहे. आपल्या गाडीची तुलना मात्र आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी करावी, म्हणून वही ठेवावी, मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर ठेवते.

तर आकडा पडला, आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडं एक कारण तयार होतं. पंपवाला मारतो. इथेनॉलनं वाट लावली. फिल्टर बदला. इंजेक्टर क्लिनिंग, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांची सफाई, करून घ्या, ते एक हजारात करून देतात. प्रत्येक कारणात थोडंफार तथ्य असतं म्हणूनच ती कारणं टिकतात, पण मला असं वाटलं की कुणावर संशय घ्यायचा तर तो जास्तीत जास्त किती पेट्रोल खाऊ शकतो हे आधी बघावं. माझं नुकसान वीस टक्क्यांचं आहे, आणि जो दोन टक्के खाऊ शकतो त्याला धरून काय उपयोग.

पंपापासून सुरुवात केली. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला ते मागायचा हक्क आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. मी मागितलं. मॅनेजरनं काही आढेवेढे न घेता ते माप आणलं, आतून ओलं करून निथळवलं, सपाट फरशीवर ठेवलं आणि मशीनवर पाच लिटर लावून भरलं. मापाच्या मानेवर रेघ असते. पेट्रोल बरोबर रेघेला आलं. सूट आहे ती पाच लिटरला २५ मिलीची, म्हणजे अर्धा टक्का. पंप सुटला.

इथेनॉल. याच्यावर लोक फार चिडलेले आहेत आणि त्यात राग येण्यासारखं आहेही, पण माप काढलं तर असं निघतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण शुद्ध पेट्रोल आपल्याला आधी तरी कुठं मिळत होतं, २०२२ मध्येच देशात १० टक्क्यांपर्यंत मिश्रण पोचलेलं होतं आणि २०२५ मध्ये ते २० झालं, म्हणजे मधला फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. माझ्या सोळावर तो अर्ध्या किलोमीटरच्या थोडा वर जातो. तो मी मान्य केला, वहीत लिहिला. बाकीचे अडीच किलोमीटर त्याच्या अंगावर टाकता येत नाहीत.

एअर फिल्टर काढून बघितला तर जिनिंगच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा असतो तसाच होता, धूळ आणि कापसाची लव. बदलला. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडायचं, ते आजच्या गाड्यांना लागू होत नाही. आजच्या गाडीचा कॉम्प्युटर जेवढी हवा आत येते तेवढंच पेट्रोल देतो, म्हणून चोंदलेल्या फिल्टरनं पिकप कमी होतो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये हे गाड्यांवर तपासून दाखवलंय. इंजेक्टर क्लिनिंगला मी पैसे दिले नाहीत, गाडी सकाळी एका सेल्फमध्ये उठत होती, आयडलला थरथरत नव्हती, मग कशाला.

टायरमध्ये मात्र सापडलं काहीतरी. दाराच्या खांबावर जे स्टिकर असतं त्यावर हवेचा दाब ३३ पीएसआय लिहिलाय आणि चारही टायर २६ च्या आसपास निघाले. आमच्याकडं पंक्चरच्या दुकानात एक समजूत आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, गरम होऊन टायर फुटते. हे उलट आहे आणि जीवावरचं आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, गरम झाल्यावर हवा वाढणार हे धरूनच तो दिलेला असतो. कमी हवेचं टायर जास्त दबतं, दबल्यानं जास्त तापतं, आणि कारंज्याहून समृद्धीवर चढून १२० नं पळवलं तर तेच फुटायची भीती. हवा सकाळी, गाडी फार न चालवता तपासावी. ॲव्हरेजच्या हिशोबात दर एक पीएसआयमागं ०.२ टक्के धरतात, म्हणजे सात पीएसआयचे दीड टक्के झाले. वहीत लिहिले. ब्रेक कुठं धरून राहतात का तेही बघितलं, पावसाळ्यात कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक दाबून धरणाऱ्या भागाच्या, पिनांवर चिखल बसून वाळतो आणि चाक अडकून फिरतं, पण जॅक लावून एकेक चाक हातानं फिरवलं तर चारही मोकळी होती.

सगळं मिळून पाच टक्के झाले. पंधरा टक्के अजून कुणीतरी मोठं खात होतं.

ते माझ्या डोळ्यांसमोर रोज लागत होतं. आमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त दोन दिवे आहेत, इंजिन जास्त तापलं की लाल आणि थंड असलं की निळा. पूर्वी हा निळा दिवा गावाबाहेरचा पूल ओलांडेपर्यंत विझायचा. त्या हिवाळ्यात तो दारव्ह्याच्या वेशीपर्यंत लागलेला असायचा, आणि ज्या दिवशी गार वारा असे त्या दिवशी शाळेच्या फाटकाशीच विझायचा. थंडीचे दिवस आहेत म्हणून असेल असं सगळेच म्हणत होते. पण आमची थंडी म्हणजे पहाटे दहा-बारा डिग्री, तेवढ्यानं इंजिन आठ किलोमीटर गार राहील कसं?

दारव्ह्याला एक चाचा आहेत, चाळीस वर्षं मेकॅनिकी करतात, हात लावायच्या आधी ऐकून घेतात. त्यांना निळ्या दिव्याचं सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, उद्या रातभर थंडी झालेली गाडी आना, चालू न करता ढकलत आना म्हटलं तरी चालते." मी जवळच गाडी लावून ठेवली आणि सकाळी त्यांच्या दारात चालू केली. त्यांनी बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला आणि माझाही ठेवायला लावला, फॅनपासून लांब. इंजिन नीट असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो, कारण मधला थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजमध्ये वॉल म्हणतात, तो ८० च्या पुढं तापमान गेल्याशिवाय पाणी रेडिएटरकडं सोडत नाही. आमचा पाइप पहिल्यापासूनच हळूहळू कोमट व्हायला लागला. चाचांच्या नातवानं स्कॅनर लावला, गाडी फिरवून आणली, कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान साठ-पासष्टच्या वर जाईचना. इंजिन गार झाल्यावर चाचांनी वॉलचं घर खोललं आणि आत बघून म्हणाले, "याच्यात वॉलच नाही ना! काढला कोनं?"

मग आठवलं. आदल्या मे महिन्यात यवतमाळहून येताना गाडी गरम झाली होती आणि रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली होती. त्यानं तासाभरात "आता नाही तापणार" म्हणून दिली, काय केलं ते सांगितलंही नाही. चाचा म्हणाले, "उन्हाळ्यात सगळेच काढतात मॅडम. पन वापस कोनीच लावत नाही."

हे ऐकून मला वाईट वाटलं ते एका गाडीचं नाही. आमच्या भागात असा वॉल काढलेल्या किती गाड्या फिरत असतील. ४५ डिग्रीत कुटुंब घेऊन निघालेला माणूस गाडी तापली की घाबरतो, कुणीही काहीही काढून दिलं तर त्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि मग वर्षानुवर्षं तो जास्तीचं पेट्रोल भरत राहतो. आणि खरं कारण तसंच राहतं. चांगला वॉल उन्हाळ्यात आपोआप पूर्ण उघडतो, तो गाडी तापवत नाही. अडकून बंद बसला असेल तर नवा टाकायचा असतो. आमच्या गाडीत तर रेडिएटरच्या जाळीत कापसाची लव आणि माती इतकी घट्ट बसली होती की हवा पार जातच नव्हती. चाचांनी नवा वॉल बसवायच्या आधी शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याचं भांडं मागवलं आणि तो त्यात सोडला. आत मेणाची डबी असते, ते मेण तापलं की फुगतं आणि झडप ढकलतं. बघता बघता तोंड उघडलं, बाहेर काढून ठेवला तर हळूहळू मिटलं. चाळीस वर्षं झाली तरी प्रत्येक नवा वॉल असा तपासूनच लावतात म्हणाले.

थंड इंजिन जास्त पेट्रोल का पितं, तर गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, काही थेंब भिंतीलाच चिकटतात, म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त सोडतो आणि इंजिन तापलं की हात आखडता घेतो. माझ्या गाडीत ते तापतच नव्हतं, त्यामुळं तो बिचारा रोज घरापासून शाळेपर्यंत जास्तीचंच सोडत होता. वर ऑइल घट्ट. लांबच्या प्रवासात हे तितकं जाणवत नाही, रोजच्या आठ-नऊ किलोमीटरला मात्र पुरेपूर लागतं.

वॉल, टायरची हवा आणि धुतलेला रेडिएटर एवढ्यावर पुढच्या टाक्यांना ॲव्हरेज १५ वर आलं. राहिलेलं चालवण्यात होतं. आता मी लांब बघून चालवते, पुढं बैलबंडी किंवा गतिरोधक दिसला की लवकर पाय काढते आणि गाडी गिअरमध्येच ठेवते. उतारावर न्यूट्रल करायची आमच्याकडं सगळ्यांना सवय, पण आजच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. बाजारात हाफ क्लचवर रेटत बसत नाही, थोडी जागा झाली की एकदाच पुढं घेते. कामं एका फेरीत लावते, शाळा, मग बँक, मग कृषी केंद्र, मग घर, गरम इंजिन गरम असतानाच वापरून घ्यायचं. आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर एसी लावून उभ्या असलेल्या पालकांना मी जाऊन सांगते की भाऊ, एवढ्या इंजिनाला नुसतं उभं राहायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास लागतं, एसीला त्याहून जास्त, कडुनिंबाखाली लावा आणि बंद करा. बरेच जण करतात आता.

एसी मी मे महिन्यात सोडत नाही, सोडूही नये, चक्कर येऊन गाडी चालवण्यात काय बचत. आधी दारं उघडून दोन मिनिटं आतली हवा बाहेर जाऊ देते, मग लावते. हिवाळ्यात काचा उघड्या. सध्या सोळाला थोडं कमी मिळतंय आणि इथेनॉल धरलं तर ते जुन्या आकड्याएवढंच झालं.

सगळे म्हणत होते की वॉल लावला आहे, बघा आता उन्हाळ्यात गाडी तापते का नाही. मागच्या मे मध्ये भर दुपारी यवतमाळला जाऊन आले, चार माणसं, एसी चालू, लाल दिवा लागला नाही. रेडिएटर मात्र जिनिंगचा हंगाम संपला की दरवर्षी धुवून घेते. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, साध्या नळाच्या धारेनं, कारण प्रेशरचा पाइप जवळ नेला की जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि मग धुवूनही हवा जात नाही. चाचांकडं गर्दी असली तर मी स्वतःच घरी धुते, अंगणात, गाडी पूर्ण गार असताना.